चंदेरी दुनियेची चांदी

पन्नाशी उलटली की माणसाला दोन विकार जडतात. गुडघे कुरकुरतात आणि जुने सिनेमे श्रेष्ठ वाटू लागतात.

गुडघे निदान बदलता तरी येतात.

लग्नाची पंगत असो, सोसायटीची सभा असो की दवाखान्यातला बाक, कुणीतरी विषय काढतंच. ‘आता तसे सिनेमे होत नाहीत हो!’ आजूबाजूच्या माना डोलतात. तसे म्हणजे कसे, हे विचारायचं नसतं. विचारलंच, तर उत्तरादाखल गाणं गुणगुणलं जातं.

गाणं. सिनेमा नव्हे.

आपल्याकडचे बहुतेक सिनेरसिक हे मुळात रेडिओरसिक आहेत. ‘अलबेला’ची गाणी तोंडपाठ. गोष्ट काय होती? भगवानदादा नाचतात. पुढे? गीता बाली हसते. पुढे?

पुढे चहा येतो.

दर १४ फेब्रुवारीला मधुबालाचा वाढदिवस मोबाइलवर येऊन आदळतो. काय ते सौंदर्य, काय ते हास्य! बाईंनी साठ-सत्तर चित्रपट केले. पाच सांगा. ‘मुघल-ए-आझम’, ‘महल’, ‘चलती का नाम गाडी’... आणि नेमकी तिथेच गाडी अडते. सांताक्रूझच्या कब्रस्तानातली तिची कबर २०१० मध्ये हटवली गेली. नव्या दफनांना जागा हवी होती. चाहत्यांनी हळहळ व्यक्त केली आणि दुसऱ्या दिवशी कामाला गेले.

मुंबईत जागेपुढे अनारकलीचंही चालत नाही.

फोटो मात्र आता रंगीत येतो. यंत्राने रंगवलेला. साडी पोपटी, ओठ डाळिंबी. साडी खरंच पोपटी होती का? कॅमेऱ्याला माहीत नाही, यंत्राला माहीत नाही आणि फोटो पुढे पाठवणाऱ्याला तर पर्वाच नाही.

यंत्राला तरी कशाला दोष द्यायचा? ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये रंगवला, ‘नया दौर’ २००७ मध्ये, ‘हम दोनो’ २०११ मध्ये. के. आसिफ यांना सगळाच सिनेमा रंगीत हवा होता, असं समर्थन पहिल्याच्या बाबतीत करता येतं. काही भाग त्यांनी रंगीत काढलाही होता. पण उरलेल्या दोघांचं काय? ज्यांना ‘त्या काळच्या छायाप्रकाशाचा खेळ’ फार भावतो म्हणे, तेच रसिक रंगीत ‘मुघल-ए-आझम’ची तिकिटं काढायला पुढे होते.

छायाप्रकाश आवडतो. फक्त जरा कलर हवा.

‘जुनं ते सोनं’ ही म्हण सिनेमावाल्यांनी कधी मानली नाही. त्यांचा हिशेब चांदीचा होता. अलंकारिक नव्हे, सराफाकडची. कृष्णधवल फिल्मवरच्या थरात चांदी असते. सिनेमा थेटरातून उतरला, पुन्हा चालण्याची आशा संपली, की रिळं धुऊन चांदी काढायची आणि विकायची. चोरीमारीचं काम नव्हतं, राजरोस धंदा होता. नायिकेचे अश्रू, नायकाचा त्याग, खलनायकाच्या मिशा, सगळं एका पिंपात.

‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट. १४ मार्च १९३१, गिरगावातलं मॅजेस्टिक. बाहेर अशी झुंबड, की पोलीस बोलवावे लागले. आज त्याची एक प्रत नाही. एक रीळ नाही. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं, आणि ते उभं करणारे पी. के. नायर दिग्दर्शक अर्देशीर इराणींपर्यंत जाऊन पोचले. पुढची हकीकत नायरांनीच सांगून ठेवली आहे. इराणी म्हणाले, रिळं असतील स्टुडिओत कुठेतरी. निघताना त्यांच्या मुलाने हळूच सांगितलं, ती कधीच गेली. चांदी काढून.

याला म्हणतात चंदेरी दुनिया.

तरीही दर मार्चमध्ये कुणीतरी छातीठोकपणे लिहितो, की ‘आलम आरा’ची शेवटची प्रत २००३ च्या आगीत गेली. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली, हे खरं. नायट्रेट एकदा पेटलं की पाण्यातसुद्धा जळत राहतं, हेही खरं. त्यात मोलाचं बरंच काही गेलं. पण ‘आलम आरा’ संग्रहालयात कधी आलाच नव्हता, असं नायर सांगत राहिले. कोण ऐकतं? आगीत गेला म्हटलं की शोकांतिका होते.

पिंपात गेला म्हटलं की चौकशी.

भारतात हजाराहून जास्त मूकपट निघाले. आज हाती आहेत ते, अर्धेमुर्धे तुकडे धरून, तीसच्या आसपास. बाकीचे वितळले, कुजले, जळले, रद्दीत गेले. फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली होती. तो आज बघता येतो, कारण नायरांनी फाळके कुटुंबाकडून रिळं मिळवली आणि ती जुळवत बसले. नायर मराठी नव्हते. केरळचे. म्हणूनच बहुधा मराठी माणसाचं योगदान यावर भाषण न करता डबे गोळा करत राहिले.

योगायोग समजा. मग पुढचं ऐका.

‘संत तुकाराम’, १९३६, प्रभात फिल्म कंपनी. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. मुंबईत एकाच थेटरात ५७ आठवडे चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. जगाने मराठी सिनेमाची पाठ थोपटली. सन्मानपत्र आलं. कुठे ठेवलं?

पुण्यात, लॉ कॉलेज रस्त्याच्या कचऱ्यात.

अतिशयोक्ती नाही. ते हरवलं होतं, ते कचऱ्यात सापडलं, एका छायालेखकाने कित्येक वर्षं जपून ठेवलं आणि २००४ मध्ये इन्स्टिट्यूटला परत केलं. हा छायालेखक कुठला? केरळचा. त्याच रस्त्यावर इन्स्टिट्यूट, त्याच रस्त्यावर संग्रहालय आणि त्याच रस्त्यावर व्हेनिसचा कागद उकिरड्यात. आपण मात्र ‘आमची माती, आमची माणसं’ करत होतो. मातीचं तेवढं खरं ठरलं.

पाठीमागच्या प्रभात रोडची काय कथा! नाव पडलं ते कंपनीवरून. पण प्रभात रोड म्हटलं की पुणेकराला कंपनीच्या बोधचिन्हातली तुतारी आठवत नाही. फ्लॅटचा भाव आठवतो.

आता ‘संत तुकाराम’वरच आलो आहोत तर थांबू जरा. विष्णुपंत पागनीस. रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेला माणूस. हा कसला तुकाराम, म्हणून नाकं मुरडली गेली. पडद्यावर आले आणि लोक पायाच पडू लागले. घराघरांत तुकोबांचा फोटो म्हणून पागनिसांचा फोटो लागला. ठीक. भक्तांचं आपण समजू शकतो.

पण सिनेमा कुणी खाल्ला? जिजाईने. नवरा विठ्ठल विठ्ठल करतोय, घरात दाणा नाही, पोर तापाने फणफणलंय आणि ही बाई एक चप्पल हातात घेऊन देवळात शिरते. देवालाच जाब विचारायला. अभंगांच्या त्या सगळ्या दरवळात भाकरीचा हिशेब मांडणारी ती एकटीच. ती आहे म्हणून सिनेमाचं कीर्तन होत नाही. कोण ही नटी?

नाव गौरी. प्रभातमध्ये झाडलोटीच्या कामाला होती, गर्दीत उभी राहता राहता पुढे आली. नाटक कंपनीची परंपरा नाही, गाण्याची तालीम नाही, वृत्तपत्रांत मुलाखती नाहीत. पागनिसांच्या फोटोला हार. गौरीचा फोटो कुणी पाहिलाय?

‘त्या काळचे तारे’ म्हणून जी यादी म्हटली जाते, तीत झाडूवालीला जागा नसते. ताऱ्यांनाही खानदान लागतं.

खानदान नसेल तर निदान आज्ञाधारकपणा. शांता आपटे घ्या. ‘कुंकू’, १९३७. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली पोर नवरा मानायला नकार देते, घर डोक्यावर घेते. महाराष्ट्राने टाळ्या वाजवल्या. काय बंडखोर नायिका! दोन वर्षांनी त्याच बाईंचं कंपनीशी करारावरून बिनसलं. त्या प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. पडद्यावर नाही, खऱ्याखुऱ्या फाटकाशी, भर रस्त्यात, १९३९ मध्ये. तेव्हा टाळ्या?

तेव्हा कुजबुज.

सिनेमातलं बंड कलात्मक असतं. फाटकातलं बंड आगाऊपणा. बाई गप्प बसल्या नाहीत. लगेच पुस्तक लिहिलं, नाव ‘जाऊ मी सिनेमात?’ हा प्रश्न विचारायला आज कुठल्या नटीचं धाडस होईल? आज नट्यांची आत्मचरित्रं येतात ती बहुतेक प्रकाशनाच्या चहापानासाठी. जुन्या तारकांचे चाहते शांताबाईंचा आवाज ऐकून डोळे मिटतात. मिटलेल्या डोळ्यांनी पुस्तक वाचता येत नाही, हीच काय ती अडचण.

सुलोचना ऐकून माहीत असते. आपली मराठी सुलोचना नव्हे, मूकपटांतली. रुबी मायर्स. आधी टेलिफोन ऑपरेटर, मग पडद्यावरची राणी. महिना पाच हजार घ्यायची आणि गव्हर्नरचा पगार त्याहून कमी होता, असं सांगतात. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये एकटीने आठ भूमिका केल्या. मग सिनेमा बोलू लागला आणि लक्षात आलं, राणीसाहेबांना हिंदुस्थानी धड येत नाही. बाईंनी रजा घेतली, भाषा शिकल्या, परत आल्या. पडद्यावर दहा वाक्यं नीट न म्हणता येणाऱ्या आजच्या ताऱ्यांनी यातून काय घ्यायचं?

काही नको. डबिंगला दुसरं माणूस मिळतं.

भगवानदादांची गोष्ट तर सगळ्यांना पाठ. गिरणीत काम केलेला मुलगा, १९५१ चा ‘अलबेला’, जुहूचा बंगला, आठवड्याच्या वाराला एकेक अशा सात गाड्या. मग पुढचे सिनेमे आपटले, बंगला गेला, गाड्या गेल्या, मुक्काम दादरच्या चाळीत. गणपतीची मिरवणूक त्यांच्या दारात थांबायची, बँडवाले त्यांचं गाणं वाजवायचे, पोरं त्यांच्याच ढंगात नाचायची, असं जुने दादरकर कौतुकाने सांगतात. केवढं प्रेम!

नाचून झालं की मिरवणूक चौपाटीकडे.

शेवटी शेवटी त्यांना सिनेमात बोलावणं यायचं ते चार पावलं टाकून दाखवण्यापुरतं. २००२ मध्ये गेले. २०१६ मध्ये त्यांच्यावर अख्खा सिनेमा आला, गीता बाली म्हणून थेट विद्या बालन. आपल्याकडे नायक म्हणून पुनरागमन करायचं तर एकच अट असते. आधी जावं लागतं.

हा शिरस्ता पाडला तो खुद्द दादासाहेबांनी. फाळके १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशकात गेले, ते विस्मृतीत आणि हलाखीत. १९६९ मध्ये त्यांच्या नावाचा पुरस्कार निघाला, देशातला सिनेमाचा सर्वोच्च. पैसा, शाल, सुवर्णकमळ. यातलं काहीही पंचवीस वर्षं आधी मिळालं असतं तर फाळक्यांची निदान देणी फिटली असती. आता तर त्यांचं नाव लावून इतके खासगी पुरस्कार निघाले आहेत, की खरा कुठला हे घेणाऱ्यालाही कळत नाही. किंवा कळतं, आणि म्हणूनच घेतो.

नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारकही आहे. बाग आहे, कारंजी आहेत. लोक सहलीला जातात.

सिनेमा बघायला नाही.

त्या माणसाने ‘राजा हरिश्चंद्र’साठी काय खटाटोप केले! बायकोचे दागिने गहाण, विम्याची पॉलिसी गहाण. सरस्वतीबाई सगळ्या माणसांचं रांधायच्या आणि रात्री फिल्म धुवायला बसायच्या. नायिका मिळेना. जाहिरात दिली, कोठ्यांवर जाऊन विनवण्या केल्या. कुणी तयार होईना, कारण सिनेमात काम म्हणजे अब्रूचं खोबरं. अखेर ग्रँट रोडच्या हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके तारामती झाला. पुरुष मिळाले तरी पंचाईतच. मिशी काढायची कशी, बाप जिवंत आहे! ‘लंका दहन’मध्ये तर हेच साळुंके राम आणि हेच साळुंके सीता. भारतीय सिनेमातली पहिली नायिका ही अशी दंडात बेडकुळी असलेली.

पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. अब्रूला घाबरून न थांबलेल्या या पहिल्या दोघी. चाहत्यांना साळुंक्यांचा किस्सा ठाऊक असतो. मायलेकींची नावं ठाऊक नसतात. मिशीची गोष्ट सांगायला सोपी, धाडसाची अवघड.

हे सगळं आपल्याला कधी कळलं? २००९ मध्ये परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आला तेव्हा. तेही तो ऑस्करला निघाला म्हणून.

आता नवे रसिकही आलेत, पंचविशीतले. ते गाणी गुणगुणत नाहीत, ‘फ्रेमिंग’ म्हणतात. महोत्सवाच्या रांगेत दोन तास उभे राहतात, ‘रिस्टोअर्ड फोर-के’ असा शब्द आला की डोळे पाणावतात. दिलीपकुमार २०२२, देव आनंद २०२३, राज कपूर २०२४. ओळीने तिघांची शताब्दी झाली, जुने सिनेमे मोठ्या पडद्यावर आले. चांगलं झालं. गाणं लागलं की अंधारात शंभर मोबाइल उंचावतात. नव्वद वर्षांचं निगेटिव्ह वाचवणारा देश पुढचं निगेटिव्ह खिशात घेऊन फिरतो.

आपल्याकडे शंभरी भरल्याशिवाय सिनेमा थेटरात परत येत नाही, एवढं कळलं. मग आपली माणसं? शांताराम १९०१ चे. दुर्गा खोटे १९०५ च्या. मास्टर विनायक १९०६ चे. तिघांचीही शंभरी येऊन गेली. रांगा कुठे लागल्या होत्या?

आणि रांग लावायची हौसच असेल, तर मुंबईत पेडर रोडवर, गुलशन महाल नावाच्या देखण्या बंगल्यात, भारतीय चित्रपटाचं राष्ट्रीय संग्रहालय २०१९ पासून आहे. जुने कॅमेरे आहेत, पोस्टर आहेत, सगळं आहे. ‘तसे सिनेमे आता होत नाहीत’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण जाऊन आले? पत्ता सांगितल्यावर पहिला प्रश्न येतो तो पार्किंगचा.

भांडायला मात्र पार्किंग लागत नाही. पहिला भारतीय चित्रपट कुठला? एक पक्ष म्हणतो, दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’, १८ मे १९१२. दुसरा म्हणतो, छे, ते तर नाटकाचं चित्रीकरण. पहिला ‘राजा हरिश्चंद्र’च, ३ मे १९१३. गंमत म्हणजे दोन्ही लागले गिरगावातल्या कोरोनेशनमध्येच. दोघेही दादासाहेब, दोघेही मराठी. याहून घरगुती भांडण कुठलं? लेख येतात, प्रतिलेख येतात, सभांमधून खुर्च्या सरकतात.

‘पुंडलिक’ची प्रत अस्तित्वात नाही.

‘हरिश्चंद्र’ची चारपैकी दोन रिळं उरली, पहिलं आणि शेवटचं. आणि तीही १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीतली असावीत, असं अभ्यासक म्हणतात. म्हणजे न उरलेल्या सिनेमाचे वकील दुसऱ्याही न उरलेल्या सिनेमाच्या वकिलांशी शंभर वर्षं भांडतायत. साक्षीदार नाही, पुरावा नाही, तरी सुनावणी रंगलेली.

नायर असते तर त्यांनी एकच विचारलं असतं. रिळं कुणाच्या माळ्यावर आहेत, पत्ता द्या.